भूत उतरवल्यानंतरची अडचण

ती. आक्कास, जुन्नरहून वैजयंतीचा साष्टांग नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? मंचरची हवा मानवते ना? (दाजींना सांग, लोणचं पोचलं.) इकडे सगळे खुशाल आहेत, मी खुशाल आहे की नाही यावर घरात मतभेद आहेत, म्हणून हे पत्र.

तुला ठाऊकच आहे, मी भुतांच्या कादंबऱ्या लिहिते आणि संवाद मोठ्याने म्हणून बघते. या खेपेची नायिका इंद्रायणी, विहिरीत राहणारी. शेवटचं प्रकरण काही केल्या सुचेना, कारण तिला नक्की काय हवंय तेच मला कळत नव्हतं. रोज दुपारी दार लावून तिच्या आवाजात विव्हळायचे. सासूबाईंनी ते ऐकलं आणि आमचे 'हे' नारायणगावच्या बाजाराला टोमॅटो घेऊन गेल्यावर डोंगराकडच्या कुशाबा भगताला बोलावलं.

मी त्याला समजावणार होते की बाबा, हे साहित्य आहे. पण त्याने ऊद पेटवला, मला अंगारा लावला आणि विचारलं, "कोन हाईस तू? काय पायजे तुला?" आक्का, इतका साधा प्रश्न मी तिला कधी विचारलाच नव्हता. तोंड उघडलं ते 'मी वैजयंती' म्हणायला, आणि बाहेर पडलं, "मी इंद्रायणी. मला साडीचोळी नको. कुणीतरी नाव घेऊन जेवायला बोलवा." सासूबाई ढसाढसा रडल्या. "ये गं इंद्रायणी, जेवून घे माय," म्हणत त्यांनी मला भाकरी-कालवण वाढलं. (या घरात मला सगळे सार्थकची आई म्हणतात, त्यामुळे नक्की कोण जेवलं हे अजून कळलेलं नाही. भूक मात्र माझीच होती.)

मग कुशाबाने इंद्रायणीकडे पुन्हा या घरात यायचं नाही असा शब्द मागितला, आणि मी भरात देऊन टाकला. त्याच संध्याकाळी शेवटचं प्रकरण लिहून झालं. प्रकाशक म्हणाले, असा शेवट तुम्हाला कधी जमला नव्हता. तेव्हापासून एक ओळ सुचलेली नाही. दार लावते, तोंड उघडते, तर माझाच आवाज येतो. मी खरंच घाबरले आहे, आक्का. लिहिणं गेलं तर मी कोण उरते, तेच समजत नाही. सासूबाई मात्र गावभर सांगतात, "सून लई गुणाची झाली, आता एक सबूद बोलत न्हाई."

तुझीच,
वैजयंती (बहुतेक)

ता. क. कुशाबाला बाजारात गाठून विचारलं. म्हणाला, "सबूद या घरापुरता हाय. म्हायेरच्या मानसाकडं ऱ्हायला तिला कोन आडवतंय?" तेव्हा आठवडाभर तुझ्याकडे येऊ का? इथे तुझ्या गुडघ्याचं कारण सांगेन, म्हणून तो लगेच बरा करू नकोस.

पुन्हा ता. क. मी पोचेपर्यंत तू स्वयंपाकघरात एकटीच बोलायला लागलीस, तर दाजींना म्हणावं कुणालाही बोलावू नका. ती माझी इंद्रायणी आहे. नाव घेऊन जेवायला वाढ, आणि काय बोलते ते लिहून ठेव.