कळंबचं हिरवं लेथ

आबा, कळंबचं ते हिरवं लेथ परत आपल्या यार्डात आलंय. तीन आठवडे झाले. दाराशेजारी, तुमची खुर्ची असायची तिथंच उभं केलंय, आणि ते मला ऑफिसात धड बसू देत नाही. फोन घेतो आणि समोरचा काय म्हणाला ते विसरतो. चहा सांगतो आणि तसाच ठेवून बाहेर जातो. कामगार आपसात म्हणतात, शेठला शुगर निघाली असणार. शुगर नाही, काही नाही. तुम्ही जाऊन बावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुम्हाला विचारावं असं माझं फारसं अडलं नव्हतं. धंदा तुम्ही शिकवलात तसा केला, घर केलं, आईचं केलं. आता एक गोष्ट विचारायची आहे आणि नेमके तुम्ही नाही. म्हणून भर दुपारी शटर अर्धं ओढून कागद घेऊन बसलोय.

तुमचं खडूचं वेड आठवतं. लोखंड कातायची जुनी लेथ, जुनी मिलिंग मशीनं घ्यायची, उघडून नीट करायची आणि विकायची, हा धंदा बारामतीत आणखी चारपाच जण करायचे. मशीन ट्रकमधून उतरलं की ते आधी रंगाचा डबा उघडायचे. तुम्ही रंगाला शिवायचा नाहीत. गिऱ्हाईक यायच्या आधी तुम्ही खडू घेऊन मशीनभोवती फिरणार. बेड चकाजवळ झिजलाय, तिथं एक गोल. गिअरचा दात भरून घेतलाय, त्या झाकणावर एक गोल. जेवढी खोट तेवढे गोल, आणि गिऱ्हाईक आलं की तुम्ही मशीन नाही, ते गोल दाखवणार. कुणी म्हणालंच, "आबा, जरा रंगरंगोटी करा की," तर तुमचं ठरलेलं, "कशाला? लगनाला उभं करायचंय व्हय त्येला?" लोक हसायचे आणि मशीन घेऊन जायचे. मी अजून खडूच वापरतो. माझा मुलगा म्हणतो, मोबाईलवर फोटो टाकताना ते पांढरे गोल भिकारडे दिसतात. दिसू देत.

आणि ते मिलिंग मशीन आठवतं. मी पंचवीसचा, धंद्यात नवा, अंगात मस्ती. इंदापूरचं गिऱ्हाईक यायचं होतं आणि गिअरबॉक्स कोकलत होता. मी सगळ्या पोकळीत घट्ट ग्रीस कोंबलं. आवाज बसला. खडूचा गोल काही मी काढला नाही. गिऱ्हाईक खूश होऊन मशीनवरून हात फिरवतंय, आणि तुम्ही मागे येऊन उभे राहता, नुसतं ऐकता, आणि म्हणता, "झाकण काढ." मी काढतो. "हात घाल. आता ह्यास्नी दाखीव, काय लपवलंस त्ये." कोपरापर्यंत ग्रीसमध्ये माखलेला हात घेऊन मी त्या परक्या माणसासमोर उभा आहे. त्यालाच लाज वाटली. "जाऊ द्या आबा, पोरगं हाय," तो म्हणाला. "पोरगं न्हाय, पंचवीस वर्साचा घोडा हाय," तुम्ही म्हणालात. पुढं आठ दिवस तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. नवव्या दिवशी एक छोटी हातोडी माझ्या हातात ठेवलीत, तुमची स्वतःची, दांडा घामानं काळा पडलेला. म्हणालात, "बिडाचं लोखंड वाजवून बघत जा. तडा आसला की बद्द वाजतं." बस्स. तेवढ्यावर मी तुमची एवढी वर्षं पूजा केली असं म्हटलं तरी चालेल.

त्याच वर्षी कळंबच्या मिस्त्रींनी आपल्याकडून ते लेथ घेतलं. त्यांचं पहिलंच मशीन. दसऱ्याचा मुहूर्त त्यांनी धरला होता, गावाला पेढे सांगितले होते. आपल्या यार्डातून रंगून गेलेलं एकुलतं एक मशीन ते. मला नवल वाटलं होतं, पण तुम्ही म्हणालात, "भला माणूस हाय, म्हणून हौसेनं दिला रंग." मिस्त्री जन्मभर ते लोकांना सांगायचे. गेल्या वर्षी ते वारले. मुलगी इंदापुरात दिलेली, वर्कशॉप चालवणारं मागं कुणी नाही. त्यांच्या बायकोनं, काकूंनी, मला बोलावून घेतलं. "तुमच्या आबांचंच मशीन हाय, दुसऱ्या कुणाला द्यावं वाटंना." मी आणलं. सवयीनं हातोडी घेऊन वाजवत गेलो. टण्, टण्, टण्, आणि फिरणारं काम धरणाऱ्या हेडच्या पायाशी बद्द. पुन्हा वाजवलं. पुन्हा बद्द. पत्रीनं तुमचा हिरवा रंग खरवडला. खाली पुट्टी, पुट्टीखाली वीतभर तडा, आणि तो पितळेनं जोडलेला. तड्याच्या टोकाला बारीक भोक पाडून बुजवलेलं, तडा पुढं पळू नये म्हणून. असं भोक बारामतीत एकच माणूस पाडायचा. मिस्त्रींनी मशीनला पुढं कधीच रंग लावला नाही, आबा. पुट्टी तुमच्या रंगाच्या खाली आहे. म्हणजे मशीन यार्डातून निघालं तेव्हाच ते फुटलेलं होतं, आणि तुम्हाला ते माहीत होतं.

मी त्याच दिवशी गाडी काढून कळंबला गेलो. काकूंना सरळ विचारायची हिंमत नव्हती, म्हणून मशीनच्या आठवणी काढल्या. त्या खुलल्याच. "आबा दर दसऱ्याला यायचं की. मशीनच्या पुजेला. झेंडूचा हार घालायचं, मग खाली बसून पायाला हात लावायचं. किती येळ बसायचं. मालकास्नी लई कौतुक, म्हणायचं, आसा येपारी बघितला न्हाय." मला माहीत होतं तुम्ही तिथं जायचात. मैत्री म्हणून जाता असं आम्ही धरून चाललो होतो. आता कळतंय, तुम्ही तडा चाचपायला जात होता. मग त्या म्हणाल्या, "आबांनी एक सांगून ठेवलं हुतं. ह्येच्यावर जड काम घ्यायचं न्हाय. कारखान्याचं मोठं शाफ्ट आलं, कितीदा आलं. मालकांनी माघारी लावलं. मी भांडायची, आवं सगळी घेत्यात, तुमाला काय हुतंय? तर म्हणायचं, आबांनी सांगितलंय, त्येंच्या सांगण्यात कायतरी आसंल." त्या हसत सांगत होत्या. त्या माणसानं आयुष्यभर ट्रॉलीचे बुश, पंपाची पाती अशी हलकी कामं केली, आणि त्याच्यानंतर सुरू झालेल्यांनी शेडवर शेड चढवल्या.

कसं झालं असेल ते मी हजारदा जुळवून पाहिलं. उचलताना साखळी सरकली असेल, मशीन आपटलं असेल, दसरा दोन दिवसांवर, दुसरं लेथ हाताशी नाही, पेढे सांगून झालेले. पटतं सगळं. पण एक खडूचा गोल काढायला कितीसा वेळ लागतो, आबा? मला झाकण काढायला लावलंत ना? मग तुम्ही का नाही काढलंत? मला तुमचा राग येतो, आणि राग आला की मी उठून त्या मशीनजवळ जातो, आणि तुमचा तो जोड पाहिला की राग टिकत नाही, इतका सफाईदार आहे. सत्तावीस वर्षं धरून राहिला. मग त्याचाही राग येतो.

परवा डाळजचा एक जण आला. तिशीचा, कंपनीतली नोकरी सोडून हायवेला स्वतःचं वर्कशॉप टाकतोय, बायको सोबत होती. ऊसतोडीचा हंगाम सुरू व्हायच्या आत त्याला ट्रॉल्यांच्या एक्सलचं काम घ्यायचं आहे. जड काम. सगळं यार्ड सोडून तो हिरव्या लेथपाशीच थांबला. एक्सल फिरत असताना तो पाय सुटला तर समोर उभ्या माणसाचं काय होईल ते तुम्हाला मी सांगायला नको. मी खिशातून खडू काढला आणि त्याच्यादेखत तड्याभोवती गोल काढला. म्हटलं, हे तुझ्या कामाचं नाही, पलीकडचं बघ. मला फार बरं वाटलं, आबा. अर्धं मिनिट. मग तो वाकून बघत म्हणाला, "जोड भारी हाय. पण पुट्टी भरून झाकला कुणी?" त्याची बायकोही माझ्याकडे बघायला लागली. मागे भिंतीवर तुमचा फोटो आहे.

मी म्हणालो, "कळंबच्या मिस्त्रींनी. जड काम घेतलं असेल कधीतरी."

तो उभा राहिला, हात झटकले. "लई नाव ऐकलं हुतं त्येंचं," म्हणाला. "माणसाचं काय कळत न्हाय." मग त्यांनी पलीकडचं लेथ पसंत केलं, काल घेऊनही गेले. डाळज असो की कळंब, आपल्या लाईनीत बातमीला दोन दिवस पुष्कळ झाले. चार जणांत ते निघणार, पाचवा काकूंच्या दारात जाऊन बोलणार. ज्यानं तुमच्या शब्दाखातर मोठं काम कधी घेतलं नाही, त्याच्याच नावावर मी ते घातलं.

आज सकाळी सांगायला म्हणून कळंबला गेलो होतो. वाटेत सगळं पाठ केलं होतं, तुमचंही आणि माझंही. काकू अंगणात शेंगा निवडत होत्या. शेजारणीला म्हणाल्या, "आगं, आबांचा पोरगा आलाय, पाट दे." मी बावन्न वर्षांचा आहे. बारामतीत मला सगळे शेठ म्हणतात, घरी पप्पा म्हणतात, आई गेल्यापासून तुमचा पोरगा म्हणणारं जगात तेवढं एकच घर उरलंय. मी चहा घेतला, शेंगा खाल्ल्या, पावसाबद्दल बोललो आणि परत आलो. मिस्त्रींचं नाव मी तुमच्यासाठी घेतलं असं परवापासून स्वतःला सांगत होतो. ते खरं नाही, आबा. त्या अंगणात मला अजून बसायचं होतं.