दिवसाढवळ्या बर्बट

१ जुलै २००७, रविवार. टाकानिनी, ऑकलंड, न्यूझीलंड.
जावई समीर स्नॅपर मासा घेऊन आला. स्वतः पकडलेला. पत्नी विभावरीने जेवताना तीनदा कौतुक केलं. पाच महिने मी नात गार्गीला शाळेतून आणतोय, कचऱ्याचा बिन बाहेर ठेवतोय. कौतुक: शून्य.
निर्णय: मासा पकडणे. समुद्रातला कोणीही पकडतो. मी बर्फाखालचा पकडणार.

३ जुलै
लायब्ररीतून कॅनडाचं पुस्तक आणलं. गोठलेल्या तळ्याला भोक पाडून बर्बट नावाचा मासा धरतात. विभावरी म्हणाली, नावाप्रमाणे बरबटून याल. दुर्लक्ष केलं.
हा मासा म्हणे रात्री गळाला लागतो. मी साडेनऊला झोपतो. त्याने दिवसा यावं. तीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात काढली आहेत. पाण्यातल्यांना शिस्त लावता येते.

५ जुलै
मेधा म्हणाली, बाबा, ऑकलंडमध्ये बर्फ फक्त फ्रीजमध्ये असतो. मुलगी फार्मसिस्ट आहे, पण नकारघंटा आईकडची. तरी बुधवारी सगळे दक्षिणेला ओटागोत एका फार्मवर राहायला चाललोय. तिथे जुलै म्हणजे कडक हिवाळा, तळं गोठतं. चौकशी केली आहे.

८ जुलै
थंडीचा सराव. लाउंजमधला हीटर बंद करून बसलो. अकराव्या मिनिटाला विभावरीने लावला. तिच्या तब्येतीसाठी विरोध केला नाही.

१२ जुलै, सकाळी ८. ओटागो.
उणे पाच. तळं घरामागेच, काचेसारखं. फार्मच्या म्हाताऱ्या मालकाकडे कुदळ मागितली. कशाला म्हणाला. रिसर्च, म्हणालो. माशांबद्दल मुद्दाम विचारलं नाही. गर्दी होते.
बाकीचे डोंगरावर बर्फात खेळायला गेले. गार्गी गेली नाही. आजोबांबरोबर बसणार म्हणाली.

दुपारी १२.१५
भोक पडलं. पावणेदोन तास. बर्फ सहा इंच, पाणी वीतभर, खाली चिखल. बर्बट तळाशीच राहतो, असं पुस्तकात आहे. सगळं जुळतंय.

२.३०
गळाला जड काहीतरी. ओढलं. गवत. म्हणजे खाद्य आहे. खाणारा जवळच असणार.
गार्गीने विचारलं, "आजोबा, आर यू शुअर देअर आर फिश?"
"शंभर टक्के," मी म्हणालो.
तिने मान डोलावली. नाक लाल झालं होतं. आत जा म्हणालो, तर म्हणाली, मग तुम्ही एकटे पडाल. हे मात्र मराठीत म्हणाली.

३.५०
डावा पाय भोकात. गुडघ्यापर्यंत. मालक धावत आला, मला चुलीपाशी बसवून चहा दिला. मग हळूच सांगितलं: हे तळं नाही. मेंढ्यांचं कुरण आहे. दर हिवाळ्यात पोरांना स्केटिंगसाठी पाणी सोडतात, सप्टेंबरात काढून टाकतात. आणि बर्बट या देशातच नसतो.
गार्गी ऐकत होती. पुस्तक जुनं आहे, असं मी तिला समजावलं.

१६ जुलै, सोमवार. टाकानिनी.
शाळा सुरू. गार्गीला आणायला गेलो. टीचर फाटकापाशी थांबल्या होत्या. गार्गीने आज वर्गात सुट्टीची गोष्ट सांगितली म्हणे: माझ्या आजोबांनी दोन तास बर्फ फोडला आणि खालचं गवत शोधून काढलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. फक्त एका मुलीने विचारलं, त्यांना गवत कशाला हवं होतं?
टीचर हसून माझ्याकडे बघत राहिल्या.
 गार्गीचं दप्तर घेतलं आणि घरी आलो.