मेघबाहूचे हात

१२ जानेवारी १९८५, शनिवार

तुळशीदास आला. पत्र नाही, निरोप नाही. केळींना पाणी लावत होते, मान वर केली तर बांधावर उभा! एक ट्रंक, बस. उजव्या हाताला पट्टी. "चहाच्या पातेल्याचा चटका बसला, ताई. काम सोडलं मी." पहिल्या अंकापासून मेघबाहूच्या चित्रकथांची चित्रं काढणारा माझा धाकटा भाऊ. काम सोडलं म्हणाला आणि पाटाच्या पाण्याकडे बघत राहिला.

घरात नको म्हणाला. वाडीच्या टोकाला खोपी आहे, तिथे राहीन. 

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ घेऊन खोपीत गेले. त्याने हात पुढे केला नाही. "ठेव तिथे." डावा हात खिशात, पट्टीचा पाठीमागे.

प्रेमला सोबत होती. "मामा, वैशाखात माझं लग्न. अंतरपाटाशी मला धरून तूच आणायचंस. दुसरा मामा कुठाय मला?"

"बघू."

"बघू काय बघू! मेघबाहू असता तर ढगातून उडत आला असता!"

तो हसलाच नाही. तिचं तोंड एवढंसं झालं. मला राग आला. मग राग गेला आणि भीती उरली. याला झालंय काय? विचारलं की उठून बांधावर जातो.

१७ जानेवारी

शेजारच्या वॉल्टरकडे मेघबाहूचे सगळे अंक आहेत. "आपल्या भुईगावचा माणूस काढतो गो, मी सोडतो काय?" सुतळीने बांधून ठेवलेत. देताना म्हणाला, "पान फाडलंस तर नाताळात वडे नाय!"

मी एकही वाचला नव्हता. पोरांचं वाचन म्हणून. तुळशीदास बोलत नाही, निदान त्याची चित्रं तरी बघते. रोज दुपारी, भांडी झाली की एक-दोन. पहिल्यापासून.

१८ जानेवारी

पहिला अंक. १९७६चा. धरापूर नावाचं शहर, त्यात गोदीतला हमाल मेघनाथ. विजांच्या रात्री त्याच्या तळव्यांत वीज उतरते आणि तो मेघबाहू होतो. तो हात वर करतो, ढग खाली येतात. मधल्या पानावर नुसते दोन तळहात. अख्ख्या पानभर! रेघा, घट्टे, नखं. डाव्या अंगठ्याच्या बुडाशी एक तिरका वण.

तो वण मला माहीत आहे. केळीचा घड उतरवताना कोयता लागला होता. मीच हळद भरली होती त्यात. स्वतःचाच डावा हात समोर धरून काढत होता हा!

पान मिटवलं, पुन्हा उघडलं. किती वेळ बघत होते कोण जाणे. दूध उतू गेलं.

२३ जानेवारी

राहूसेन नावाचा दुष्ट धरापूरच्या विहिरी खारट करतो. मेघबाहू ओंजळीने पाऊस आणतो. गोष्ट काही खास नाही. पण ओंजळ! बोटांच्या फटींतून गळणारा एकेक थेंब काढलाय.

अंक घेऊन खोपीत गेले. "ही ओंजळ किती दिवस काढत होतास रे?" त्याने बघितलं. डोळे भरले. "घेऊन जा, ताई."

२९ जानेवारी

आज मेघबाहूची आई आली गोष्टीत. खोपीत राहते. चार पानांवर आहे, चारही पानांत तिचे हात पदराखाली. पोरगा निरोप घ्यायला वाकतो तरी ती हात बाहेर काढत नाही.

आमची आई अशीच बसायची.

ती शेवटची काही वर्षं त्याच खोपीत होती; वाडी तेव्हा दादांची, आमच्या वडिलांची. दमा आहे, वाडीतली हवा बरी, असं दादा सांगायचे. ती गेली तेव्हा मी चौदाची, तुळशा अकराचा. जेवण घरातून जायचं, तिचं ताट वेगळं असायचं. मी कधी विचारलं नाही का ते.

४ फेब्रुवारी

काही वाचलं नाही. पत्रिकेचा मजकूर ठरला. हे म्हणाले, "तुझ्या भावाचं लक्षण ठीक दिसत नाही. मामा म्हणून चुलत्याच्या पोराला उभा करू." प्रेमला ताटावरून उठली.

८ फेब्रुवारी

ऐंशीच्या सालचे अंक. मेघबाहूच्या मनगटांभोवती आता ढग असतात. वॉल्टर म्हणतो, "मला वाटलं नवी फॅशन. झ्याक दिसायचं!" पुढच्या अंकात हातमोजे. मग छातीवर हात बांधलेले, बोटं काखेत.

चित्रं अजून सुंदर आहेत. चेहरे तर जास्तच. पण मी आता फक्त हात शोधते.

१३ फेब्रुवारी

चहावाला गाड्यामागे उभा. पोलीस खांद्यापर्यंतच. बाई पाठमोरी. राहूसेन धुरात. अख्ख्या धरापुरात कुणालाच हात नाहीत!

 अंक मिटून देवापुढे बसले. काय मागायचं ते सुचेना.

१५ फेब्रुवारी

मिळालं.

मागच्या वर्षीचा अंक. कोपऱ्यातलं बारकं चित्र. मेघबाहू एकटा जिन्यावर बसलाय, मोजा काढलेला. डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळलेलं, पक्ष्याच्या नखीसारखं. अंगठ्याच्या बुडाशी तिरका वण.

वॉल्टरला दाखवलं. "छापताना गडबड झाली असेल गो." त्याची बायको लुसी मिशनच्या दवाखान्यात नर्स आहे. तिने चित्र हातात घेतलं. खिडकीपाशी उजेडात धरलं. मग हळूच, "सुशीला, त्याला चटका बसला तेव्हा दुखलं होतं काय, विचार."

१६ फेब्रुवारी

विचारलं.

"नाही," म्हणाला. "वास आला तेव्हा कळलं."

मग खिशातून डावा हात काढला आणि माझ्यासमोर ठेवला. चित्रात होता तसाच.

"आधी हा गेला. समोर धरवेना, म्हणून हात काढायचे सोडले. मग उजव्यातला ब्रश कधी पडायचा तेच कळेना." मग, "आईचं असंच होतं. तुला माहीत नव्हतं?"

"मला दमा सांगितलेलं."

"आपण दोघं तिच्या कुशीत निजायचो, ताई. ती ढकलायची, आपण पुन्हा शिरायचो."

मी त्याचा हात हातात घेतला. त्याने ओढून घेतला.

१८ फेब्रुवारी

लुसी म्हणते आता औषध आहे. गोळ्या. रोग जातो, दुसऱ्याला लागायचा थांबतो. वाकलेली बोटं सरळ होतील असं नाही. "पण घरात राहू शकतो गो. घाबरायचं काही नाही." तिच्यासमोरच मी रडले.

२० फेब्रुवारी

ह्यांना सांगितलं. सांगायलाच हवं होतं.

"महारोग?" एवढंच. मग दार लोटून घेत, "सोयरे दारातून परत जातील. पोरीचं काय होईल?"

"औषध आहे."

"औषध लोकांना कोण देणार?"

  लांब कुठे एक आश्रम आहे, तिथे इलाज होतो. लग्न होईपर्यंत तरी, म्हणाले. मी नाही म्हटलं नाही. हो म्हटलं नाही. म्हणजे हो.

२७ फेब्रुवारी

तुळशीदास गेला. मी सांगण्याआधीच ट्रंक भरली होती त्याने. "काळजी करू नको, ताई. आईपेक्षा माझं बरं. मला गोळ्या आहेत."

प्रेमलाला कामावर गेला सांगितलं. ती म्हणाली, "पाया पण पडू दिलं नाही मामाने."

१ मार्च

शेवटचा अंक वाचला. मेघबाहू छातीभर समुद्रात उभा. किनाऱ्यावर लोक हाका मारतात. तो हात वर करत नाही. पुढच्या अंकात काय, ते छापलेलं नाही.

सगळे बांधून वॉल्टरला परत दिले. "काय गो, आवडला मेघबाहू?" हो म्हटलं.

१९ मार्च

मांडवाची सुपारी दिली. चुलतभाऊ मामा म्हणून उभा राहणार. खोपी झाडून कुलूप घातलं. त्याच्या उशाशी संक्रांतीचा तिळगूळ तसाच होता, मुंग्या लागलेला.

३ एप्रिल

लग्नाचे पापड भाजत होते. करपल्याचा वास आला, वाटलं पापड. प्रेमला ओरडली, "आई, हात! निखारा!" मनगटावर होता. मला काहीच जाणवलं नव्हतं.

ती पाणी आणायला धावली. ती यायच्या आत मी हात पदराखाली घेतला.