पाकिटावरचा पत्ता

पुणे, मंगळवार

प्रिय जयमाला,

सप्रेम जयभीम. मी बरा हाय, दोन वेळा जेवन जातं. आईला सांग, रडू नको म्हनावं.

हात कशानं कापत हुते ते कळलं. डॉक्टर बाईंनी दोन्ही हात समोर धरायला लावले, तर पंजे आपोआप फडफडायला लागले. त्या म्हनाल्या, लिव्हर खराब झालंय, ते रक्तातली घान काढत न्हाई, ती मेंदूत जाते, मग हात ऐकत न्हाईत. तीन वर्षांमागं कावीळ झाली तवा आपन वैदूची माळ गळ्यात घातली. माळ लांबत पोटापर्यंत आली, अन् आपन समजलो कावीळ उतरली. ती आत चालूच हुती.

म्हंजे डेअरीत माझ्या मापातनं दूध सांडायचं ते दारूनं न्हाई. तू पानी द्यायच्या निमित्तानं जवळ येऊन तोंडाचा वास घ्यायचीस, मला कळायचं. लई राग यायचा. जाऊ दे आता.

ती घान पोटातनं निघावी म्हनून गोड औषध देतात, दिवसातनं तीनदा संडासला पळावं लागतं. लिव्हर नवं व्हायचं न्हाई, पन जपलं तर टिकंल म्हनतात. असली कावीळ रक्तातनं घरच्यांनाबी लागते म्हनं, तवा तू अन् आपली लेक प्रज्ञा रक्त तपासून घ्या, पुढं ढकलू नका. तांबडी गाय व्याली का?

हात किती सुधारला ते बघायला सिस्टर रोज सही करायला लावतात. पहिल्या दिवशीची गांडुळासारखी हुती. हे पत्र मीच लिहिलंय, पाकिटावरचा पत्ताबी. पोस्टमनला तो वाचता आला, म्हनून तर हे तुझ्या हातात हाय.

तुझा,
भीमराज