स्वीडनच्या नटाची चौकशी

तीर्थरूप हेमावतीवहिनींच्या चरणी धाकट्या दिराचा, शिवलिंगप्पाचा, शरणु शरणार्थी.

अक्कलकोटला ऊन फार तापलंय असं कळलं. गुडघ्याला तेल लावता ना? (लावत नसणार. आम्हाला दटावायचं आणि स्वतः ऐकायचं नाही, ही तुमची जुनी खोड.) इकडं सोलापुरात सगळे खुशाल.

विषय चंद्रिकेचा. आपली नात स्वीडनला नोकरीला गेली आणि तिथल्या टोर्केल नावाच्या नटाशी लग्न ठरवून आली. तुम्ही फोनवर "नाटक्याच्या घरात पोरगी द्यायची न्हाय" म्हणालात, आणि पोरगी म्हणते, मोठ्या आजीचा होकार नसेल तर लग्नच नको. मधल्यामध्ये माझं भरीत झालंय.

आता मुलगा म्हटला की चौकशी आलीच. आपल्यात गावी जाऊन शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारतात. स्वीडनला कोण जाणार? म्हणून चनमल्लप्पांनी (भावकीतल्या सगळ्या सोयरिकींची चौकशी तेच करतात की) त्याचे सिनेमेच मागवले आणि पान चघळत टीव्हीसमोर बसले. पहिल्यात टोर्केल बायकोला टाकून जातो, दुसऱ्यात दारू पितो, तिसऱ्यात खून करून बर्फात लपतो. "शिवलिंगप्पा, स्थळ वाईट हाय," असा निकाल लागला. मी म्हटलं, अहो, ते सोंग. तर म्हणतात, "पोटात नसंल तर तोंडावर कुठनं येतंय?"

खरी हकीकत चंद्रिकेनं सांगितली. बाप समुद्रकाठी होड्या दुरुस्त करायचा. पोरगा नाटक कंपनीत पडदे ओढायला लागला, मग भाला धरून मुका शिपाई झाला, मग एखादं वाक्य मिळालं, आणि आता राजाचं काम करतो. सिनेमावाले आले ते नंतर. अजून सुट्टीत जाऊन बापाच्या होडीला डांबर लावतो म्हणे. (आपल्याकडं सुट्टीत बापाला चहा कोण देतं, ते सोडा.)

गेल्या आठवड्यात तो आला. मांडी घालून बसला, पाय अवघडले तरी हलला नाही. चंद्रिकेला सांभाळीन म्हणताना त्याचे डोळे भरले, तर चनमल्लप्पा माझ्या कानात, "बघितलं का, रडतोय कसा झकास. धंदाच हाय त्याचा." आता वहिनी, नटानं खरं रडावं तरी कसं?

मग चंद्रिकेच्या आईनं, दाक्षायणीनं, हुग्गी वाढली. हिची गव्हाची खीर बुडाला लागते हे सगळ्या घराला ठाऊक, आणि ही सून होऊन आल्यापासून कोणी तोंड उघडलेलं नाही. ती म्हणाली, "कशी झालीय, इचार की त्याला." चंद्रिकेनं विचारलं. तो म्हणाला, गोडी छान आहे, पण करपलीय. पंगतीतले सगळे आपापल्या ताटात बघायला लागले. दाक्षायणीनं बोट लावून चाखलं. "व्हय, खरंच की," म्हणाली, आणि त्याच्या वाटीत आणखी तूप सोडलं. चनमल्लप्पा हात धुताना म्हणाले, "ह्याला घरात सोंग जमत न्हाय. द्या पोरगी."

वहिनी, आता तुमच्या एका शब्दावर अडलंय.

आपला,
शिवलिंगप्पा

ता. क. : रविवारी त्याला घेऊन तुमच्याकडं येतोय. पसंत पडला तर तिथंच दोघांच्या हातावर गूळ-खोबरं ठेवा.

आणखी एक : त्या दिवसापासून दाक्षायणी एकेकाला गाठून विचारतेय, "तुमाला ठाऊक होतं का?" मी नाही म्हणालो, आणि वहिनींनाही ठाऊक नव्हतं असं सांगून बसलोय. रविवारी तीही येतेय. तेवढं सांभाळून घ्या. खरं बोलणारा घरात एकच बास.