जेवायचा पाट

मंगळवार, संध्याकाळ

ह्यांना आज पाट संडासात दिसला आणि ह्यांनी घर डोक्यावर घेतलं. पितळी फुलांचा, उंच, सागवानी पाट. कमोडसमोर मीच ठेवलाय.

गुडघ्यांपायी कमोड बसवला, तेव्हापासून माझं पोट धड साफ होईना. उंची माझी ही एवढी, पाय नुसते लोंबकळायचे. औरंगपुऱ्यातल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "काकू, उकिडवं बसल्यासारखे गुडघे कमरेच्या वर आले पाहिजेत. पायाखाली काहीतरी घ्या."

घेतला पाट. लई फरक पडला. कुंथणं नाही, ताटकळणं नाही.

हे म्हणतात, "अगं, जेवायचा पाट हाय तो. माझे वडील बसायचे त्याच्यावर. लाज हाय का नाय?"

वाटायला पाहिजे होती का? मला तर नाही वाटली.

पिशोरहून लग्न होऊन आले तेव्हापासून बघतेय. त्या पाटावर सासरे जेवले, हे जेवले, जावई जेवला. मी वाढत राहिले. मी कधी बसले होते त्याच्यावर जेवायला? आठवून बघितलं. एकदाही नाही.

प्लॅस्टिकचं स्टूल आणून देतो म्हणाले. नको. पाट तिथंच राहील. इतकी वर्षं त्याच्यावर बसून सगळ्यांनी पोटं भरली. आता माझं साफ होऊ दे.