दुखल्यास डावा हात वर करावा

तीर्थस्वरूप ताईस,

तुझ्या धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (आठांपैकी सहाच अंगं आज कामावर हजर आहेत. उजवा गुडघा आणि डावा खांदा रजेवर आहेत, त्यांचा नमस्कार प्रत्यक्ष भेटीत घालीन.) तुझा एका डोळ्याचा मोतीबिंदू निघाला, हे वाचून बरं वाटलं. दुसऱ्याचं काय ठरलं? थेंब वेळेवर घालतेस ना? जन्मभर वॉर्डातल्या लोकांना दरडावून औषधं पाजलीस, पण स्वतःची बाटली कुठे ठेवली ते तुला आठवत नसणार, हे मी पैजेवर सांगतो. दाजींचा खोकला कसा आहे तेही कळव. इकडे तुझी भावजय माझ्यावर चिडलेली आहे, म्हणजे तिची तब्येत उत्तम आहे.

परवा फोनवर तू एकच प्रश्न विचारलास, की चोपन्नाव्या वर्षी तलवार घेऊन तू कुणाला मारणार आहेस, आणि फोन ठेवून दिलास. तू थांबली असतीस तरी उत्तर देता आलं नसतं, कारण भावजय शेजारीच भाजी निवडत होती. म्हणून हे पत्र. तर आजवर मी कुणालाही मारलेलं नाही, मार खाण्याचं काम मात्र चार महिने नेमाने करतो आहे. कापडाच्या गोदामावर एक लांबलचक हॉल आहे. तिथे आठवड्यातून तीनदा आम्ही नऊ जण जमतो, गादीसारखे जाड अंगरखे घालतो, तोंडावर जाळीचे मुखवटे चढवतो आणि चारशे वर्षांपूर्वीच्या पुस्तकांतली चित्रं बघून एकमेकांना भोसकतो. उजव्या हातात रेपियर, म्हणजे साडेतीन फुटी सरळ, बारीक तलवार, आणि डाव्या हातात खंजीर. दोन्हींच्या टोकांना रबरी टोपणं असतात, त्यामुळे माणूस मरत नाही, नुसता काळानिळा होतो. शिकवणाऱ्या बाई दिवसा लिफ्ट दुरुस्त करतात. आम्ही त्यांना उस्ताद म्हणतो. वयाने त्या तुझ्या मुलीएवढ्या आहेत, पण बोलतात तुझ्यासारख्या, म्हणजे एकदाच.

या विद्येचं तंत्र ऐकायला सोपं आहे. डावा हात पुढे लांब धरायचा, समोरच्याचं पातं खंजिराने बाजूला सारायचं आणि त्याच क्षणी उजव्या हाताने टोक पुढे घालायचं. आधी हात, मग पाय. यात काय कठीण आहे, असं मलाही वाटलं होतं. पण घोडं पेंड खातं ते पुढेच. अगं, अठ्ठावीस वर्षं मी दातांचा डॉक्टर आहे आणि अठ्ठावीस वर्षं माझ्या डाव्या हातात तो दांडीचा छोटा आरसा आहे. पहिला महिनाभर मी खंजीर तसाच दोन बोटांत धरून, किंचित तिरपा करून, समोरच्याचा गाल बाजूला करायला जात असे. शिवाय झेप घेताना तोंडून 'आ करा' निघायचं. उस्ताद म्हणाल्या, "डॉक्टर, त्याने आ केला तरी मध्ये जाळी आहे."

आरसा सुटला, पण दुसरी खोड सुटेना. माझ्या दवाखान्यात खुर्चीसमोर पाटी आहे, 'दुखल्यास डावा हात वर करावा'. (ही युक्ती मुळात तुझी. मी सात वर्षांचा असताना माझा हलता दात तू दोऱ्याने ओढलास, तेव्हा म्हणाली होतीस, दुखलं तर डावा हात वर कर, मी थांबते. मी दोन्ही हात वर केले. तू थांबली नाहीस. दात निघाला, हे कबूल.) तुझ्यासारखं नाही, मी थांबतो. समोर डावा हात वर झाला आणि माझा उजवा हात थांबला नाही, असं अठ्ठावीस वर्षांत एकदाही घडलेलं नव्हतं. आणि या खेळात, ताई, प्रत्येक जण डावा हात वर करूनच उभा असतो, कारण खंजीर त्याच हातात! त्याने खंजीर उचलला की माझी तलवार जागच्या जागी थबकते आणि मी विचारतो, दुखतंय का? उत्तर छातीवर मिळतं.

माझी ही मेख सगळ्यांत आधी ओळखली ती आमच्या पोस्टमनने. ताडासारखा उंच माणूस, बोलायला कमी. क्लासात माझ्या मागून आला आणि महिन्याभरात माझ्या पुढे गेला. तो माझा पेशंटही आहे. दीड महिन्यापूर्वी त्याची खालची दाढ मी साफ करत होतो, तर त्याने मध्येच डावा हात वर केला. मी थांबलो, विचारलं, तर म्हणाला, नाही, सहज. पुन्हा सुरू केलं, पुन्हा हात. असं तीनदा झालं. शेवटी म्हणाला, आज राहू द्या, आणि तात्पुरतं सिमेंट भरून घेऊन निघून गेला. मला वाटलं, एवढा धिप्पाड माणूस आणि काळीज चिमणीचं. तोच चिमणीचा माणूस आता हॉलमध्ये खंजीर नुसता उंचावतो, मी नम्रपणे थांबतो आणि तो मला रजिस्टर पत्रासारखा छातीवर शिक्का मारतो.

आता तुला म्हणून सांगतो, आणि वाचून झालं की विसरून जा. भावजयीला मी सांगितलं आहे की ढेरी कमी करायला जातो. ढेरी जागेवर आहे. खरं कारण माझा उजवा हात. सहा महिन्यांपासून तो हलतो. फार नाही, बशीत कप वाजतो इतकाच. आधी मी चहा सोडला, मग चहा पुन्हा सुरू करून बशी सोडली. डॉक्टरकडे जावं, तर हात दाखवून अवलक्षण कोण करून घेणार? म्हणून माझी मीच एक परीक्षा ठरवली. आमच्याकडे सरावासाठी पडद्याची कडी दोऱ्याला टांगतात आणि झेप घेऊन तिच्यातून टोक पार करायचं असतं. उस्तादांच्या चाचणीतही हीच कडी होती, कालच्या रविवारी. ठरवलं, दहातून सातदा टोक गेलं तर हात ठीक आहे, दवाखाना चालू. नाही गेलं तर दवाखान्याची पाटी उतरवायची. चुकून हिरडीत हत्यार गेलं तर मी जन्मभर स्वतःला तोंड दाखवू शकणार नाही.

ही परीक्षा ठरवल्यापासून मी झोपेतही झेपा घेतो. (भावजय आता बाहेरच्या खोलीतल्या दिवाणावर झोपते.) दुपारी दवाखाना बंद असताना पेशंट बसतात त्या खोलीत कडी टांगली. मागच्या बुधवारी दार लावायचं राहिलं, आणि दाढ सुजलेला एक शिक्षक आत आला. त्याने काय पाहिलं? तर जाळीचा मुखवटा घातलेला दातांचा डॉक्टर, दोन हातांत दोन पाती, आणि तोंडाने आकडे मोजतो आहे. मी मुखवटा वर करून 'या, बसा' म्हटलं, ते बहुधा तलवारीने खुर्ची दाखवत म्हटलं. तो म्हणाला की आता बरंच बरं वाटतंय, आणि गेला. डाव्या हाताची खोड मोडायला मदतनीस बाईंना रोज दहा मिनिटं डाव्या हातात पट्टी धरून समोर उभं केलं. आठवड्याभरात मी पट्टीला न जुमानता पुढे जायला शिकलो. तंत्र सुधारलं! पण परवा खुर्चीतल्या एका आजींनी हात वर केला आणि मी थांबलो नाही. एकच क्षण, दुसऱ्या क्षणी थांबलो. त्यांना काही झालं नाही, पण मला घाम फुटला आणि आजींनीच मला पाणी दिलं. म्हणजे बघ, तलवार शिकावी तर दात जातात आणि दात सांभाळावेत तर तलवार.

काल चाचणी झाली. कडी दहातून चारदा. मी मुखवटा काढलाच नाही, आत माझं तोंड कसं झालं होतं ते कुणी पाहू नये म्हणून. मग पोस्टमनशी सामना, पाच टोच्यांचा. त्याने खंजीर उंचावला, मी थांबलो नाही. पण हात असा काही थरथरत होता की टोक एका जागी राहीना. आणि काय सांगू, पोस्टमन गोंधळला! टोक वर गेलं की त्याचा खंजीर वर, खाली आलं की खाली, त्याला कळेचना की मी नक्की कुठे टोचणार आहे. (ते मलाही कळत नव्हतं.) पाच-तीन, मी जिंकलो. उस्तादांनी सगळ्यांना गोळा केलं आणि म्हणाल्या, "बघा, टोक कसं जिवंत ठेवलंय! हे मी चार वर्षं घसा कोरडा करून सांगतेय." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. येत्या रविवारी ही थरथर मी बाकीच्यांना शिकवायची आहे. मी मुखवट्याआडून मान डोलावली आणि तलवार खाली ठेवली.

एकूण इकडे सर्व क्षेम आहे. दाजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. काळजी करण्यासारखं काही नाही.

तुझा धाकटा

ता. क. गुडघ्याला तू सांगितलेलं मलम लावलं. त्याचा वास इतका उग्र आहे की सामन्यात पोस्टमन त्यामुळेच गोंधळला असावा, अशी तुझ्या भावजयीला शंका आहे.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात पोस्टमन दवाखान्यात टपाल द्यायला आला. टपाल दिलं तरी जाईना. मग म्हणाला, "डॉक्टर, त्या दिवशी दाढ दुखली नव्हती. तुमचा हात हलत होता. तोंडावर कसं सांगायचं, म्हणून मी आपला हात वर करत होतो." काल तलवारीचं टोक तसंच हलताना बघून त्याला दाढच आठवत राहिली म्हणे. त्याला मी बसवलं, पाणी दिलं आणि सरळ विचारलं की आणखी कुणाला माहीत आहे. म्हणाला, कुणालाच नाही. तो गेल्यापासून मी कुणाच्या तोंडात हत्यार घातलेलं नाही. आले त्यांना तपासलं आणि चौकातल्या दातांच्या डॉक्टरांकडे पाठवलं.

ता. क. तिसरा, आणि पत्र लिहिलं ते यासाठीच. मज्जातंतूंच्या डॉक्टरांची पुढच्या बुधवारी अकराची वेळ घेतली आहे. याआधी दोनदा घेतली होती. एकदा जिन्यावरून परत आलो, एकदा खुर्चीवरून उठून. ताई, मला फार भीती वाटते. तू मंगळवारच्या गाडीने ये. भावजयीला दुसरा डोळा दाखवायला आले म्हणून सांग, पुढचं तिला मी सांगेन. बुधवारी त्या दारात मी डावा हात वर करीन, अगदी नक्की करीन. दाताच्या वेळी थांबली नव्हतीस, तशीच थांबू नकोस.